रोपाच्या आत राहणारी मित्रबुरशी : दिघी–चाकण पट्ट्यात खर्च किती, घ्यायचं काय, टाळायचं काय

दिघीत इमारती वाढल्या तरी शेती अजून लांब गेलेली नाही. आळंदी रस्त्याने थोडं पुढे गेलं की चऱ्होली, डुडुळगाव, मरकळकडे इंद्रायणीकाठचे ऊस-कांद्याचे तुकडे दिसतात. मोशी ओलांडली की चाकणची कांद्याची बाजारपेठ आणि खेड तालुक्याची शिवारं लागतात. दिघीतल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत जास्वंद, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता असतोच. त्यामुळे जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, कांद्यावरचे फुलकिडे, मक्यातली लष्करी अळी आणि उसाची हुमणी या चारही तक्रारी या एकाच परिसरातून येतात.

या चारही किडींवर चालणाऱ्या बुरशी कृषी सेवा केंद्रांत पावडरच्या पाकिटात किंवा द्रवाच्या बाटलीत मिळतात. त्यांतल्या काही फक्त किडीवर वाढून थांबत नाहीत. त्या रोपाच्या मुळांत, खोडात, पानांत शिरतात आणि रोपाला अपाय न करता काही आठवडे, कधी काही महिने तिथे राहतात. शास्त्रज्ञ त्यांना एंडोफाइट म्हणतात, शेतकरी मित्रबुरशी म्हणतात. त्या कशा काम करतात, त्यांच्यावर किती खर्च करावा, तो कधी करावा आणि कुठे पैसे वाया जातात, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. या बुरशीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च बियाण्याच्या आणि रोपाच्या वेळचा आहे. बहुतेक जण नेमका तोच टाळतात आणि कीड डोळ्यांना दिसायला लागल्यावर दुकानात धावतात.

ही बुरशी नेमकं काय करते

बाजारात प्रामुख्याने चार नावं भेटतील.

बिव्हेरिया बॅसियाना : अळ्या, भुंगे, पांढरी माशी, मावा अशा अनेक किडींवर चालते. मेलेल्या किडीवर पांढरी भुकटी दिसते. १८३५ साली इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं. ती बुरशी हीच. तिच्या नावातलं ‘बॅसियाना’ त्यांच्यावरूनच आलं.

मेटारायझियम : हुमणी, वाळवी, लष्करी अळी यांच्यासाठी. मेलेल्या किडीवर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी दिसते. मुळांभोवती आणि मुळांच्या आत राहण्याचा तिचा ओढा जास्त.

लेकॅनिसिलियम लेकॅनी : पाकिटावर अजूनही ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ हे जुनं नाव असतं. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी, फुलकिडे अशा रस शोषणाऱ्या आणि खरवडणाऱ्या किडींसाठी.

ट्रायकोडर्मा : ही किडीवरची नाही, रोगावरची बुरशी. रोपं कोलमडणं, मूळकूज, मर यांच्यासाठी. ती मुळांत शिरून राहते आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. म्हणून कीडनियंत्रणाच्या बेतातही तिला जागा हवी.

फवारलेली बुरशी किडीच्या अंगावर पडते, तिथे रुजते, त्वचेला भोक पाडते आणि आत वाढून किडीला मारते. त्याला साधारण ३ ते १० दिवस लागतात. रोपाच्या आत गेलेल्या बुरशीचं काम वेगळं असतं. ती रोपात काही संयुगं तयार करते आणि रोपाचं संरक्षण चाळवते. पान खाणाऱ्या अळीची वाढ मंदावते, किडीची पिल्लावळ कमी होते. अशा शेतात मेलेल्या किडींचा खच पडत नाही. कीड वाढण्याचा वेग उतरतो, एवढंच.

हे संशोधन नवं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या आत बिव्हेरिया टिकते आणि खोडकिडीचं पोखरणं कमी होतं, असं प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की मेटारायझियम मातीतल्या किड्याला मारून त्याच्यातलं नत्र झाडाला पोचवते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनेही मक्यात बिव्हेरिया वसवून खोडकिडीवर होणारा परिणाम तपासला आहे. न्यूझीलंडमध्ये तर गवताच्या बियाण्यातच निवडक एंडोफाइट बुरशी घालून ते कुरणांसाठी विकलं जातं. ती गवतावरची वेगळी बुरशी आहे. तिच्या काही जाती जनावरांना विषारी ठरतात, म्हणून तिथे निवडून घेतलेल्या जातीच वापरतात. आपल्या दुकानातल्या पाकिटांशी तिचा संबंध नाही.

एक गोष्ट ग्राहक म्हणून लक्षात ठेवा. आपल्याकडची पाकिटं फवारणी, बीजप्रक्रिया किंवा मातीत मिसळण्यासाठी नोंदलेली असतात. रोपाच्या आत बुरशी किती टिकेल हे पीक, बुरशीचा वाण, माती आणि ओलावा यांवर ठरतं. ‘एकदा घाला, हंगामभर कीड येणार नाही’ असं कोणी सांगत असेल तर तिथे पैसे देऊ नका.

दर काय चालतात

खालचे दर अंदाजासाठी आहेत. कंपनी, पाकिटाचा आकार आणि दुकान यांप्रमाणे ते बदलतात. तुमच्या दुकानातला दर विचारा आणि त्याच गणितात बसवा.

- ट्रायकोडर्मा पावडर, १ किलो : १५० ते ३०० रुपये
- बिव्हेरिया, मेटारायझियम किंवा लेकॅनिसिलियम पावडर, १ किलो : २०० ते ४०० रुपये
- यांचे द्रवरूप, १ लिटर : ३०० ते ८०० रुपये
- बागेसाठीची २०० ते २५० ग्रॅमची पाकिटं : ८० ते २०० रुपये. किलोच्या हिशेबाने ही महाग, पण बाल्कनीला तेवढंच पुरतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ठरावीक १२ जैविक कीडनाशकांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया बॅसियाना त्या यादीत आहेत. बिलावर कराचा दर पाहून घ्या.

हिशेब पहिला : बाल्कनी किंवा गच्ची, २५ कुंड्या

- ट्रायकोडर्मा, छोटं पाकीट : ८० ते १५० रुपये
- लेकॅनिसिलियम किंवा बिव्हेरिया, छोटं पाकीट : १०० ते २०० रुपये
- हातपंप, १ ते २ लिटरचा : २०० ते ५०० रुपये
- कंपोस्ट किंवा गांडूळखत, १० किलो : १५० ते ३०० रुपये

पहिल्या वर्षी एकूण ५३० ते १,१५० रुपये. हातपंप टिकला तर दुसऱ्या वर्षी ३३० ते ६५० रुपये.

कुंडी भरताना प्रत्येक कुंडीमागे ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा ट्रायकोडर्मा ओलसर कंपोस्टात मिसळा. २५ कुंड्यांना १२५ ग्रॅम लागेल. मिरची-टोमॅटोचं रोप लावण्याआधी त्याची मुळं १५ ते २० मिनिटं बिव्हेरियाच्या पाण्यात बुडवा. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम. हाच रोपाच्या आत बुरशी शिरण्याचा काळ. जुन्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर आधी पाण्याच्या जोराच्या धारेने आणि जुन्या टूथब्रशने त्याचा कापूस काढून टाका. मेणचट आवरणाखाली बुरशी पोचत नाही. मग लिटरला ५ ग्रॅम लेकॅनिसिलियम, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. ७ दिवसांच्या अंतराने तीन वेळा. २५ कुंड्यांना एका वेळी २ लिटर पाणी, म्हणजे १० ग्रॅम पावडर पुरते.

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येऊ लागलं आणि घरोघरी पिंपं भरून ठेवण्याची सवय लागली. फवारणीसाठी पिंपातलं रात्रभर उघडं राहिलेलं पाणीच घ्या.

हिशेब दुसरा : सोसायटीची ५ गुंठे बाग

- ट्रायकोडर्मा, १ किलो, वर्षातून एकदा मातीत : सुमारे २५० रुपये
- मेटारायझियम, १ किलो, हिरवळीखालच्या हुमणीसाठी शेणखतातून : सुमारे ३०० रुपये
- लेकॅनिसिलियम, १ किलो, पावसाळ्यात चार फवारण्या : सुमारे ३०० रुपये
- पाठीवरचा साधा पंप : १,५०० ते ३,००० रुपये, एकदाच

पंप सोडून वर्षाला ८५० रुपये. ६० घरांच्या सोसायटीत घरामागे १५ रुपयेही होत नाहीत. माळीकाकांना तीन गोष्टी नीट समजावून द्या : फवारणी संध्याकाळीच, बुरशीनाशकाला वापरलेला पंप इथे नाही, आणि पाकीट उन्हातल्या पंपघरात ठेवायचं नाही. बागेचं काम कंत्राटदाराकडे असेल तर ‘रासायनिक बुरशीनाशक विचारल्याशिवाय फवारायचं नाही’ ही ओळ करारात लिहून घ्या. हे मित्रही बुरशीच आहेत. बुरशीनाशकाची एक फवारणी आधीचा सगळा खर्च बुडवते.

हिशेब तिसरा : एक एकर रब्बी कांदा

चाकण बाजाराला माल नेणाऱ्यांसाठी हा हिशेब सविस्तर मांडतो. ट्रायकोडर्मा किलोला २५० आणि बाकीच्या बुरशी किलोला ३०० रुपये धरल्या आहेत.

बियाणं : एकरी ३ ते ४ किलो बी लागतं. किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळली तर जास्तीत जास्त ४० ग्रॅम. खर्च १० रुपये, एका कटिंग चहाइतका.

गादीवाफे : एक एकराच्या रोपांसाठी सुमारे २ गुंठे रोपवाटिका. अर्धा किलो ट्रायकोडर्मा ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून वाफ्यांवर. खर्च १२५ रुपये. रोपं कोलमडायची थांबली तर वाचणारं बियाणं याच्या कितीतरी पट किमतीचं असतं.

पुनर्लागवड : २० लिटर पाण्यात १०० ग्रॅम बिव्हेरिया, रोपांच्या जुड्यांची मुळं १५ ते २० मिनिटं बुडवायची. खर्च ३० रुपये.

इथपर्यंत एकूण १६५ रुपये.

मुख्य शेत : २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल धरून, सावलीत आठवडाभर मुरवून शेतात. बुरशीचा खर्च ५०० रुपये. शेणखत विकतचं असेल तर ते वेगळं.

फुलकिड्यांसाठी दोन फवारण्या : लिटरला ५ ग्रॅम, एकरी २०० लिटर, म्हणजे दर वेळी १ किलो लेकॅनिसिलियम. दोन्ही मिळून ६०० रुपये.

मजुरी : कारखान्यांमुळे या पट्ट्यात माणूस स्वस्तात मिळत नाही. पुरुषाची हजेरी ६०० रुपये आणि एका फवारणीला अर्धा दिवस धरला तर दोन फवारण्यांचे ६०० रुपये.

एकूण सुमारे १,८६५ रुपये. त्यातला रोपाच्या आत बुरशी बसवण्याचा भाग फक्त १६५ रुपयांचा, शंभरातले नऊ. शेतीसाठीची पाकिटं मात्र बहुधा किलोचीच मिळतात, त्यामुळे प्रत्यक्ष बिल यापेक्षा जास्त होईल. यावर उपाय म्हणजे शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात रोपं लावायचं ठरवून एकत्र खरेदी करणं. उघडलेलं पाकीट पुढच्या हंगामासाठी ठेवू नका.

मागच्या हंगामात फुलकिड्यांवर झालेल्या औषधांची बिलं काढून या आकड्याशेजारी ठेवा. पहिल्याच वर्षी रासायनिक फवारण्या पूर्ण बंद होतील असं समजू नका. त्यातल्या एक-दोन कमी झाल्या तरी हा खर्च निघतो का, एवढंच तपासा. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पातीवर जांभळा करपा लवकर बसतो. त्यामुळे कीड आटोक्यात राहिली की करप्यावरचा खर्चही थोडा हलका होतो.

करप्यासाठी मॅन्कोझेब किंवा तत्सम बुरशीनाशक फवारावंच लागलं तर मित्रबुरशीच्या फवारणीत आणि त्यात १० ते १५ दिवसांचं अंतर ठेवा. रोपांची मुळं कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवायची जुनी पद्धत असेल, तर त्याच रोपांना मित्रबुरशी देण्यात अर्थ नाही. दोनपैकी एकच निवडा.

मका आणि ऊस

मक्यातली ही अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. चाऱ्याच्या मक्यातही ती आता नेहमीची झाली आहे. मक्याचं विकतचं बी बहुधा लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं येतं. तो रंग बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावल्याची खूण आहे. अशा बियाण्याला वरून मित्रबुरशी चोळणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथे पोंग्यातून द्या. उगवणीनंतर १५ ते २५ दिवसांत, लिटरला ५ ग्रॅम मेटारायझियम, पंपाचं नोझल थेट पोंग्यावर धरून, आठवडाभराने पुन्हा एकदा. एकरी एका वेळी १५० लिटर धरले तर दोन वेळा मिळून दीड किलो, ४५० रुपये. वर मजुरी. अळी लहान असतानाच हे चालतं. पोंग्यात भुश्यासारखी विष्ठा साचली आणि अळी बोटाएवढी झाली की बुरशीवर भिस्त ठेवू नका.

उसाच्या हुमणीसाठी मेटारायझियम एकरी ४ किलो, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, २०० किलो कुजलेल्या शेणखतातून, पाऊस पडून जमिनीत ओल आल्यावर सरीत टाकून मातीआड करा. कोरड्या जमिनीत टाकलेली बुरशी मरते. त्याआधी वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. ते गावाने मिळून गोळा करणं हा फुकटचा आणि फार परिणामकारक उपाय आहे. बुरशी त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

पाकीट घेताना काय वाचायचं

बुरशी जिवंत आहे म्हणूनच तिला किंमत आहे. त्यामुळे कंपनीच्या नावाआधी या गोष्टी पाहा.

१. नोंदणी क्रमांक. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार जैविक कीडनाशकालाही केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची नोंदणी लागते. पाकिटावर सीआयआरने सुरू होणारा क्रमांक हवा. ‘ऑरगॅनिक’, ‘वाढवर्धक’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं मोठ्या अक्षरात लिहून कीड मारण्याचा दावा करणारी पण हा क्रमांक नसलेली बाटली घेऊ नका.

२. जिवाणूसंख्येसारखीच बुरशीची संख्या छापलेली असते. तिला सीएफयू म्हणतात. बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियममध्ये ग्रॅममागे किमान १० कोटी, म्हणजे १ × १०^८ हवी. ट्रायकोडर्मासाठी किमान २० लाख, म्हणजे २ × १०^६.

३. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख. आयुष्य बहुधा वर्षभराचंच असतं. सहा महिन्यांपेक्षा जुनं पाकीट शक्यतो घेऊ नका. मुदत संपत आलेल्या मालावर सवलत मिळाली तरी ती सवलत खरी नसते.

४. दुकानात ते कुठे ठेवलंय. पत्र्याखाली, उन्हाच्या झळेत, बुरशीनाशकांच्या खोक्यांवर रचलेली पाकिटं तारखेत बसत असूनही मेलेली असू शकतात.

५. त्रिकोणाचा रंग. विषारीपणा दाखवणाऱ्या चार रंगांत हिरवा सर्वांत सौम्य. मित्रबुरशीच्या पाकिटावर तोच दिसायला हवा.

६. पक्कं बिल, त्यावर बॅच क्रमांक असलेलं. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद उभा राहतो.

मायकोरायझा या नावाचं उत्पादनही दुकानदार याच फळीवरून काढून देतात. तीही मुळांत राहणारी बुरशीच, पण ती खतांच्या कायद्याखाली येते आणि स्फुरद मिळवून देण्यासाठी असते. चांगली आहे, पण कीड मारण्यासाठी ती घेऊ नका.

हवामान सांभाळा

या बुरशींना २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा मानवते. जून ते ऑक्टोबर हा आपल्याकडे त्यांचा खरा हंगाम. हिवाळ्यात सूर्य कलल्यावर, पिकाला पाणी दिलेल्या दिवशी फवारा. एप्रिल-मेच्या उन्हात फवारणीवर पैसे घालू नका, तेव्हा फक्त ओल्या मातीतून द्या. उन्हातली अतिनील किरणं काही तासांत बीजाणू निकामी करतात, म्हणून सकाळी दहाची फवारणी बहुतेक वाया जाते. फवारल्यावर लगेच जोराचा पाऊस आला तर पुन्हा करावी लागेल, हेही हिशेबात धरा.

ताम्रयुक्त औषधं, मोरचूद, बोर्डो मिश्रण, गंधक यांच्यात मिसळू नका. कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया एकाच भांड्यात कालवू नका. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशींवर वाढते. एक मातीत, दुसरी मुळांवर किंवा पानांवर, अशी विभागणी करा.

गूळ घालून पिंपात बुरशी वाढवण्याच्या कृती गावोगाव फिरतात. प्रयोगशाळेत ती निर्जंतुक केलेल्या तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीवर, बंद पिशवीत वाढवतात. उघड्या पिंपात तिच्याआधी दुसरेच जिवाणू माजतात आणि पिकावर काय फवारलं जातंय ते कळत नाही. ही काटकसर करू नका.

सुरक्षितता

पावडर हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. दमा, बुरशीची ॲलर्जी किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असणाऱ्यांनी फवारणी दुसऱ्याला करायला सांगावी. पाकीट मुलांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी. फळभाजी धुऊनच वापरा. रेशीमकिड्यांचं संगोपन किंवा त्यासाठीची तुती जवळपास असेल तर बिव्हेरिया आणि मेटारायझियम फवारू नका. मधमाश्या फुलांवर असतात त्या वेळी कोणतीच फवारणी नको. संध्याकाळच्या फवारणीने हेही आपोआप साधतं.

काम झालं की नाही, कसं ओळखायचं

शेतात चार ओळी मुद्दाम मोकळ्या सोडा. फवारणीआधी आणि नंतर ७ व १४ व्या दिवशी दोन्हीकडच्या दहा-दहा रोपांवरची कीड मोजून वहीत लिहा. मेलेल्या अळ्या किंवा किडे ओलसर कागदावर ठेवून डबी बंद करा. ३ ते ५ दिवसांत त्यांच्यावर पांढरी किंवा हिरवी बुरशी आली तर तुमचं औषध जिवंत होतं. पाकिटाबद्दलच शंका असेल तर उकळून गार केलेल्या मूठभर भातावर चिमूटभर पावडर टाकून स्वच्छ झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवा. काहीच उगवलं नाही तर ते पाकीट संशयास्पद. ही घरगुती चाचणी ढोबळ आहे, पण दुकानदाराशी बोलायला पुरते. तो भात नंतर जमिनीत पुरून टाका.

कुठे घ्यायचं, कुठे विचारायचं

आळंदी, मोशी, चाकण, राजगुरुनगरच्या परवानाधारक कृषी सेवा केंद्रांत ही पाकिटं मिळतात. सरकारी आणि सहकारी ठिकाणीही चौकशी करा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जैविक उत्पादनं ‘फुले’ या नावाने ओळखली जातात, आणि त्या विद्यापीठाचं पुण्याचं कृषी महाविद्यालय शिवाजीनगरला आहे. मांजरी बुद्रुकची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उसाच्या हुमणीसाठी बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम आणि मेटारायझियम एकत्र असलेलं उत्पादन देते. अशा ठिकाणी साठा मर्यादित असतो, त्यामुळे निघण्याआधी फोन करा.

कांद्यासाठी तर देशपातळीवरची संस्था आपल्या दारात आहे. कांदा व लसूण संशोधन संचालनालय १९९८ पासून राजगुरुनगरला आहे, दिघीहून पुणे–नाशिक महामार्गाने तीसेक किलोमीटरवर. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र टोमॅटो आणि भाजीपाल्यासाठी उपयोगी पडतं. सल्ल्याला पैसे लागत नाहीत. घरून विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीतून बोलतं.

माल बोगस वाटला तर पाकीट फेकू नका. बिल, पाकीट आणि उरलेली पावडर घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या. नमुना तपासणीला पाठवायचा अधिकार कृषी विभागाच्या निरीक्षकांना आहे. पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

पैसे कमी असतील तर कोणत्या क्रमाने

सगळं एकदम जमणार नसेल तर हा क्रम धरा. पहिला खर्च बियाणं आणि गादीवाफ्यावर. दुसरा लावणीवेळी मुळं बुडवण्यावर. तिसरा शेणखतातून मातीत देण्यावर. फवारणी शेवटी, आणि तीही कीड मोजून तिची गरज दिसली तरच. किडीचा उद्रेक झालेल्या शेतात, कडक उन्हाळ्यात, किंवा गेल्याच आठवड्यात बुरशीनाशक मारलेल्या पिकात यातलं काहीच विकत घेऊ नका. त्या हंगामासाठी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या आणि पैसे पुढच्या बियाण्यासाठी राखून ठेवा.